‘फोटो घेवन कोण येना नाय’

प्रवासात आणि संकटात माणसांचे फोटो काढण्याविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. लेन्स कुठली, कॅमेरा कुठला, अशीच पत्रं येतील असं वाटलं होतं. तीही आली, पण जास्त पत्रांचा सूर ‘काढावा की काढू नये’ असाच होता. मी मालवणात राहते, वडिलांच्या फोटो स्टुडिओत वाढले, आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार, बागायतदार, बाहेरून आलेले मजूर यांचे फोटो संस्थांसाठी नि मासिकांसाठी काढते. उत्तरं त्या कामातून आलेली आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये फोटो काढणाऱ्याला ती जशीच्या तशी चालतीलच असं नाही.

मासळीच्या लिलावाचे फोटो काढायला बंदरावर गेले की बायका ओरडतात, पदर तोंडावर घेतात. लांबून झूम लेन्सने काढले तर छान येतात, पण चोरून काढल्यासारखं वाटतं. ताई, काय करू?
(कॉलेज विद्यार्थिनी, रत्नागिरी)

चोरून काढल्यासारखं वाटतं, कारण ते चोरूनच काढलेले असतात. तुला ते जाणवलं हे बरं झालं.

आधी त्या बाईच्या जागी उभी राहून बघ. होडीतून पाटी उतरते, जमिनीवर ओतली जाते, बोली सुरू होते आणि बघता बघता संपते. एवढ्या वेळात तिला मासळी ताजी आहे का बघायची, शेजारणीने किती बोललं ते ऐकायचं, आपल्याला कितीला परवडेल ते मनात मांडायचं. बर्फ वितळतोय, टेम्पोवाला हॉर्न मारतोय. तेवढ्यात पाटीच्या आणि तिच्या मधे कुणीतरी कॅमेरा घेऊन वाकतो. ‘बाजूक हो रे मेल्या!’ हा राग फोटोवरचा नसतो, धंद्याच्या आड आल्याचा असतो.

फोटोवरचा राग वेगळा. तो मला मालवणच्या जेट्टीवर एका म्हातारीने एका वाक्यात सांगितला: ‘फोटो काढूक सगळे येतत, फोटो घेवन कोणच येना नाय.’

तेव्हा लिलाव संपल्यावर जा. बायका टोपली उपडी करून तिच्यावर बसलेल्या असतात, सुटे पैसे मोजत असतात, कुणी पान लावत असते. तेव्हा बोल. कुठून आलीस, कुणाची, फोटो कशाला हवे, हे सगळं विचारतील. उत्तरं खरी दे. चार फोटो काढ. पुढच्या आठवड्यात त्यांचे प्रिंट घेऊन जा. व्हॉट्सॲपवर नव्हे, कागदावर, कारण मोबाइल बहुतेक वेळा मुलाच्या हातात असतो आणि तो वर्षा-दोन वर्षांनी फुटतो किंवा बदलतो. कागद कपाटात साडीच्या घडीत राहतो. दुसऱ्यांदा प्रिंट घेऊन गेलीस की लिलावात कुठे उभं राहायचं हे त्याच तुला सांगतील. मग झूम लेन्स घरी ठेव. ३५ मिलिमीटरची साधी लेन्स लाव आणि हात पोचेल इतक्या अंतरावरून काढ.

प्रिंटचा आग्रह मी वडिलांकडून घेतला. आमच्या स्टुडिओत दोन प्रकारची गर्दी असायची. एक शाळा-कॉलेजच्या अर्जांची, पासपोर्ट फोटोवाली. दुसरी फार हळू आवाजात बोलायची. दर्यात माणूस गेला की घरचे लग्नातला एखादा ग्रुप फोटो घेऊन येत. त्यात तो मागच्या रांगेत, चेहरा नखाएवढा, अर्धा कुणाच्या तरी फेट्याआड. वडील तो मोठा करून, बारीक ब्रशने कान-केस भरून, हार घालण्याजोगा करून देत. आता फोटो उदंड झालेत, पण माझे जेट्टीवरचे काही फोटो आज तशा चौकटीत आहेत. मासिकासाठी मी ते निवडले नसते. एकात हसू अर्धवट आहे, मागे डिझेलचा कॅन आहे.

उजेडाचं एक सांगते, ते पुस्तकात सहसा नसतं. आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळी सगळे समुद्राकडे तोंड करून सूर्यास्त टिपतात आणि माणसं कोळशासारखी काळी येतात. तू पाठ समुद्राकडे कर. सूर्य तुझ्या खांद्यावरून त्यांच्या तोंडावर पडेल.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी माझ्या दुकानात शिरलं. पाणी ओसरल्यावर बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन आले तेव्हा संताप आला. पण आज माझ्याकडे स्वतःच्या नुकसानीचा एकही धड फोटो नाही, याचीही खंत आहे. संकटात फोटो काढणं बरोबर की चूक?
(दुकानदार, चिपळूण)

तुमचा संताप आणि तुमची खंत, दोन्ही रास्त आहेत. कारण ते दोन वेगळे फोटो आहेत.

तुमच्याकडे राहून गेलेला फोटो म्हणजे पुरावा. पंचनाम्याला तलाठी किंवा विम्याचा माणूस येईपर्यंत चिखल तसाच ठेवता येत नाही. तो वाळला की निघत नाही, आणि घाणीने माणसं आजारी पडतात. म्हणून फावडं हातात घेण्याआधी दहा मिनिटं काढायची. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्या बाजूला उभा माणूस किंवा दाराची चौकट, म्हणजे उंची कळते. आधी अख्खं दुकान, मग एकेक कपाट, मग फ्रिज-मशीनवरचा नंबर. भिजलेली वही उघडून. मूळ फोटो स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवायचे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोचा आकार घटतो आणि कधी-कुठे काढला ही आतली नोंद पुसली जाते. पुरासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रत्येक गावात ही माहिती शाळेत शिकवावी, असं माझं मत आहे.

बाहेरून आलेल्यांचा फोटो म्हणजे साक्ष. साक्ष लागतेच. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळतीनंतर पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन्ही छायाचित्रकारांनी टिपला. मेलेल्या मुलाचा चेहरा दाखवू नये, हा नियम मी स्वतः पाळते, तरीही तो फोटो काढला गेला नसता तर बरं झालं असतं असं मी म्हणू शकत नाही. इतकी वर्षं भोपाळचा विषय निघाला की तोच चेहरा समोर येतो आणि कंपनीला, सरकारला तोंड चुकवणं अवघड होतं.

पण प्रत्येक पुरात प्रत्येकाने रघू राय होण्याची गरज नसते. मी स्वतःला एकच विचारते: इथे आधीच किती कॅमेरे आहेत? तुमच्या पुराच्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली. अशा जागी अकरावा कॅमेरा नवं काही सांगत नाही, फक्त रडणाऱ्या माणसासमोर आणखी एक भिंत उभी करतो. मी नंतर जाते, सगळे निघून गेल्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत शिरलं तेव्हा आडव्या पडलेल्या सुपारीच्या बागांचे फोटो सगळीकडे दिसले. पण सुपारीला धरायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं त्या बागायतदाराने काय खाल्लं, कर्ज कुणाचं काढलं, मुलगा मुंबईला गेला का, याचे फोटो शोधून दाखवा. तीच बाग, तोच कोपरा, दर जूनमध्ये एक फोटो. एवढं कुणी नेटाने केलं असतं तर मोठं काम झालं असतं.

आणि मदतवाटपाचे फोटो! तांदळाची पिशवी एक, तिला हात लावणारे नऊ, मागे बॅनर. घेणाऱ्या बाईची मान खाली. तिच्या घरी कालपर्यंत चार माणसं जेवून जात होती. संस्थेला हिशेबासाठी फोटो हवाच असेल तर गोदामातल्या पिशव्यांचा काढा, सहीच्या यादीचा काढा.

आमची संस्था रायगडात कातकरी कुटुंबांसोबत काम करते. देणगीदारांना ‘मनाला भिडणारे’ फोटो हवेत, म्हणजे थोडक्यात रडकी मुलं. नाही म्हटलं तर निधी अडतो. संमतीपत्रावर अंगठे आम्ही घेतो, ते पुरेसं आहे का?
(कार्यकर्ती, पेण)

अंगठा तुमच्या फायलीसाठी पुरेसा आहे, त्या बाईसाठी नाही.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावर परततं. जाताना मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. भट्टीवर काढलेला फोटो, त्यात ओळखू येणारा चेहरा, मागे भट्टीचं नाव किंवा ट्रकचा नंबर, आणि खाली ‘वेठबिगारी’ असा मथळा. हा फोटो दिल्लीच्या देणगीदाराआधी मुकादमाच्या मोबाइलवर पोचतो. पुढच्या हंगामात उचल कुणाला मिळणार नाही आणि मार कुणाला बसेल हे तुम्ही मला सांगायला नको.

म्हणून संमती विचारताना ‘फोटो काढू का’ एवढंच विचारू नका. कोण कोण बघेल ते नावं घेऊन सांगा: मुंबईतले लोक, परदेशातले लोक, तुमचा मुकादम, तुमच्या पाड्यावरचा जावई. मग कॅमेऱ्यातला फोटो दाखवा आणि पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा ‘नको’ आलं तर तिच्यासमोर पुसा. तिला नंतर ‘नको’ म्हणता यावं म्हणून कुणाला निरोप द्यायचा तेही सांगून ठेवा. मागे घेता येत नाही ती संमती कसली? जपानमधल्या मिनामाता इथे पाऱ्याच्या विषबाधेने अपंग झालेल्या मुलीला आई न्हाऊ घालते आहे, हा छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी १९७१ मध्ये काढलेला फोटो जगभर गाजला. मुलगी गेल्यावर पुढे आईवडिलांनी आता तिला विसावा द्या, असं सांगितलं आणि स्मिथ यांच्या सहकारी व पूर्वपत्नी आयलीन स्मिथ यांनी तो नव्याने छापायला देणं थांबवलं. एवढा मोठा फोटो थांबवता येतो, तर तुमच्या वार्षिक अहवालातला सहज येईल.

मुलांच्या बाबतीत कायदाही आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणगीदाराला हे कलम लिहून पाठवा, ‘आम्हाला नको वाटतं’ यापेक्षा ते लवकर कळतं. मोबाइलवर काढत असाल तर कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, नाहीतर चेहरा झाकून पत्ता उघडा ठेवल्यासारखं होईल.

राहिला निधी. हातांचे फोटो काढा: विटांचा साचा धरलेले, कोळशाने भेगाळलेले. बंद घराचा काढा, कुलपासकट. आई-बाप भट्टीवर गेल्यामुळे हजेरीपटावर पडलेल्या रेघा काढा (नावं झाकून). आणि हसतानाचे, भांडतानाचे, नाचतानाचेही द्या. ते पाहून निधी आटला तर तो देणगीदार माणसांना नव्हे, दयेला पैसे देत होता. त्याच्याशिवाय चालवणं कठीण आहे, मला माहीत आहे. तरी.

फोटो काढू दिल्याबद्दल पैसे द्यावेत का?
(निवृत्त शिक्षक, देवगड)

बातमीच्या फोटोसाठी नाही. पैसे मिळतात कळलं की माणसं तुम्हाला हवं तसं दुःख उभं करून देतात, आणि त्यांचा दोष नसतो. पण पोझ देण्यासाठी तासभर खोळंबून ठेवलेली माणसं, जाहिरातीसाठी किंवा कॅलेंडरसाठी काढलेले फोटो, यांचे पैसे द्यायलाच हवेत. तो मजुरीचा हिशेब आहे. रापणीवर फोटो काढायला जाता ना? मग दोर ओढू लागा. समुद्रात अर्धगोल टाकलेलं जाळं दोन्ही टोकांनी ओढत किनाऱ्यावर आणायला माणसं कमी पडतात, आणि ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो. कॅमेरा गळ्यात ठेवून ओढता येत नाही, तेव्हा तो काठावरच्या म्हातारबाबांकडे द्या. त्यांनी काढलेले फोटोही नंतर नीट बघा.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. उपाय?
(सावंतवाडी)

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नका, बुरशी तिथेच जन्मते. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. होडीवरून आलात की खाऱ्या हातांनी काच पुसू नका. आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरचं मीठ टिपा. एसी गाडीतून उतरल्यावर काच धुरकटते तेव्हा पुसत बसू नका, थांबा.

वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा पहाटे उजेड कमी असतो. फ्लॅश वापरला तर?
(पुणे)

नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, तुमच्या फ्लॅशने वाट चुकतील. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवा, फोटो दाणेदार येऊ द्या. दोरीच्या आत जाऊ नका.

किनाऱ्यावरच्या फोटोतला प्लास्टिकचा कचरा आणि विजेच्या तारा मी पुसून टाकतो. एका स्पर्धेत त्यावरून फोटो बाद झाला. एवढं काय बिघडलं?
(हौशी छायाचित्रकार, अलिबाग)

हॉटेलच्या जाहिरातीत काही बिघडत नाही. स्पर्धा वास्तव नोंदवणाऱ्या (डॉक्युमेंटरी) फोटोंची होती ना? मग बाद झाला ते योग्यच. उजेड कमी-जास्त करा, कडा कापा. पण जे होतं ते काढू नका, नव्हतं ते घालू नका. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेचा नियम हाच आहे. स्टीव्ह मॅकरी यांच्यासारख्या नावाजलेल्या छायाचित्रकाराच्या फोटोंत २०१६ मध्ये फेरफार सापडले तेव्हा केवढा गदारोळ झाला. ‘मी आता स्वतःला दृश्यकथाकार मानतो’ अशा अर्थाचं त्यांचं स्पष्टीकरण मला तरी पटलं नाही. आणि तुमच्या किनाऱ्यावरचा कचरा तुम्ही पुसलात, तर आणखी वीस वर्षांनी तो कधी वाढला हे कोण सांगणार?

मी मूळचा कणकवली तालुक्यातला, नोकरी मुंबईत. प्रवास आणि मानवतावादी छायाचित्रण यातच पुढे काही करायचं आहे. पहिल्या मोठ्या विषयासाठी रजा आणि पैसे जमवतोय. लडाखला जावं की नेपाळला?
(वाचक, डोंबिवली)

नेपाळला जायचं असेल तर आधी देवगडला या.

हापूसच्या बागा राखायला दर हंगामात नेपाळी माणसं येतात, अनेक जण बायकामुलांसह. बागेतच पत्र्याच्या किंवा चिऱ्याच्या खोपीत राहतात, माकडं हाकतात, फवारणीला, काढणीला, पेट्या भरायला असतात. रत्नागिरीकडच्या बंदरांवर होड्यांवर खलाशी म्हणूनही तेच. मराठी मासिकांत आंब्याचा फोटो दरवर्षी असतो, बागेचा असतो, मालकाचा असतो. ज्याच्या हातात आंबे उतरवायचा झेला आहे तो माणूस कुठे दिसतो? ट्रॉलर, पर्ससीन (मासळीचा थवा घेरून तळाशी आवळायचं मोठं जाळं), एलईडी दिव्यांच्या उजेडातली मासेमारी यावरून पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकावाले यांच्यात केवढा वाद पेटला. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. त्या साऱ्या चर्चेत डेकवर जाळं ओढणारा परप्रांतीय खलाशी कुणाच्या फोटोत आहे?

ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्टियाओ साल्गादो हे मूळचे अर्थशास्त्रज्ञ. कॉफीच्या व्यापाराशी संबंधित संस्थेत नोकरी करताना त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्यांच्या मजुरांच्या फोटोंत मला ती जुनी विद्या दिसते: कोण कुठून आला, कुणासाठी खणतो, माल कुठे जातो. तुम्हीही तेवढं करा. मालकाची परवानगी आधी घ्या, पण मालकासमोर मजुराला विचारू नका. त्याच्यासमोर ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर शांत असतं, खलाशी गावी जातात. त्यांच्या गाडीत बसा. सीमेपर्यंत, जमलं तर घरापर्यंत. तुमचं नेपाळ त्यातून होईल, आणि पोचाल तेव्हा दारात ओळखीचं माणूस असेल.

फोटोखालच्या ओळींची हयगय करू नका. १९३६ मध्ये छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथल्या शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तो छापून आल्यावर त्या तळाकडे २०,००० पौंड अन्न गेलं. तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलेलं होतं. लँगनी नाव विचारलं नव्हतं. जगाला फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव १९७८ मध्ये कळलं, आणि आपल्याला त्या फोटोचा एक पैसाही मिळाला नाही, हे बाईंनी तेव्हा सांगितलं. त्या कुटुंबाने गाडीचे टायर विकले, ही लँगच्या नोंदीतली गोष्टही घरच्यांनी नाकारली.

आपल्याकडे काय होतं? मालवणच्या गाबीत (इथला वेगळा मच्छीमार समाज) बाईच्या फोटोखाली ‘कोळीण, कोकण’ असं छापतात आणि बागेतल्या नेपाळी माणसाच्या फोटोखाली सरसकट ‘गुरखा’. तुम्ही वही ठेवा. नाव, गाव, जिल्हा, इथे केव्हापासून, फोटो कुठे छापलेला चालेल, प्रिंट कुठे पाठवायचा. नेपाळचा पत्ता टपालाने बेभरवशाचा असतो, तेव्हा ऑक्टोबरमध्ये बागांवर परत येणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती प्रिंट द्या. तो बरोबर पोचवतो.